हॉलोकॉटचा तिसरा जीव

टोबायस चगच्या तोंडभर देवीचे वण होते आणि त्या वणांनीच पोराचं नशीब काढलं, असं त्याची आई मरेपर्यंत सांगत असे. नशीब काढलं की बिघडवलं, याबद्दल टोबीचं स्वतःचं मत मात्र दर दोन-चार वर्षांनी बदलत गेलं.

आई हॉलोकॉटच्या घरी कपडे धुवायची. हॉलोकॉट म्हणजे नॅथॅनिअल हेक्स्टसाहेबांची शेतीवाडी. दगडी घर, लाल मातीची उतरती शेतं, सफरचंदांची बाग आणि चर्चमध्ये दार लावलेलं स्वतःचं बाक. हेक्स्टसाहेब घराण्यातले गृहस्थ म्हणून ओळखले जात आणि तसे ओळखले जावेत यासाठी बऱ्याच खटपटी करत. एवढं असून जमीन त्यांची नव्हती. ती होती सर मार्माड्यूक रज यांची, आणि हेक्स्टांकडे तिचा पट्टा होता.

आमच्या डेव्हनमध्ये पट्टा वर्षांवर मोजत नाहीत, जिवांवर मोजतात. जमीनदाराला एकरकमी नजराणा भरायचा आणि कागदावर तीन माणसांची नावं घालायची. त्या तिघांतलं एक जरी माणूस श्वास घेत आहे, तोवर जमीन तुमची. तिसऱ्याने डोळे मिटले की कारभारी किल्ल्या मागायला दारात हजर.

टोबी सहा वर्षांचा होता तेव्हा हेक्स्टसाहेबांनी नवा पट्टा केला. पहिलं नाव घातलं मुलाचं, पेरेग्रिनचं. दुसरं मुलीचं, क्लेमेन्सचं. तिसऱ्या नावाला घरात कुणी नव्हतं. हेक्स्टबाई म्हणाल्या, "माझं घाला की."

साहेबांनी बायकोकडे नीट बघितलं. मागच्या थंडीत ती किती खोकत होती ते त्यांना आठवलं.

"नको," ते मायेने म्हणाले, "तुम्हाला उगाच कशाला ताण?"

तेवढ्यात खिडकीखालून टोबी ओल्या कपड्यांची पाटी डोक्यावर घेऊन चालला होता. पाटी त्याच्यापेक्षा मोठी होती. साहेबांनी त्याच्या आईला वर बोलावलं.

"याला देवी येऊन गेल्या का?"

"येऊन गेल्या, मालक. याच्या तिघा भावंडांना घेऊन गेल्या. हा एवढा राहिला."

"वा! वा! उत्तम!" साहेब म्हणाले आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी घसा खाकरला. देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा येत नाहीत, म्हणजे मरणाची एक वाट कायमची बंद. त्यांनी टोबीचे दंड चाचपले, दात बघितले, त्याला अंगणाला एक फेरी मारायला लावली.

आई घाबरून म्हणाली, "पण त्याला करायचं काय, मालक?"

"काही नाही. फक्त मरायचं नाही."

पुढची बारा-तेरा वर्षं टोबीने ही कामगिरी चोख बजावली आणि कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. कागदावर त्याच्या आधी दोन मोठ्या घरचे जीव होते. हा आपला असावा म्हणून घातलेला. तो जॉब स्नेल नावाच्या शाकारणी करणाऱ्याच्या हाताखाली लागला आणि छपरांवर वाढला. गव्हाचं काड भिजवून, विंचरून, मुठी बांधून वळचणीपासून वर चढवत न्यायचं, आढ्यापाशी नीट आवळायचं, हे काम त्याला इतकं आवडे की जेवायलाही तो खाली उतरत नसे. जॉबची मुलगी टॅमझिन शिडीवरून भाकर-चीज वर आणून देई. भाकर खाऊन झाली तरी ती शिडी सोडत नसे, आणि टोबी एकच घास फार वेळ चावत बसे.

आणि मग वरचे दोन जीव गेले.

क्लेमेन्सचं लग्न ठरलं होतं. तिला देवी आल्या आणि आठवड्याच्या आत ती गेली. पेरेग्रिनला सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. आमच्या राज्यात अधिकारीपद विकत मिळतं, म्हणून हेक्स्टसाहेबांनी टिव्हरटनच्या बिडगुड सावकाराकडे हॉलोकॉटचा पट्टा गहाण टाकला आणि मुलाला लाल कोट घेऊन दिला. पेरेग्रिन लढाईपर्यंत पोचलाच नाही. प्लिमथला जहाजाची वाट बघत असताना त्याने शिळी कालवं खाल्ली.

बातमी आली तेव्हा हेक्स्टसाहेब टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊन रडले. एकुलता एक मुलगा होता तो, आणि रडणं अगदी खरं होतं. पण रडता रडता ते एकदम थांबले. डोकं वर केलं. डोळ्यांतलं पाणी तसंच गालावर.

"टोबी कुठाय?" ते म्हणाले.

टोबी त्या वेळी पाद्रीसाहेबांच्या घराच्या आढ्यावर घोड्यावर बसल्यासारखा बसला होता. खालून आरडाओरडा ऐकू आला म्हणून त्याने बघितलं. हेक्स्टसाहेब टोपाशिवाय, एका पायात बूट आणि एका पायात सपात घालून पळत येत होते.

"खाली उतर! टोबी, लेका, खाली उतर! अरे हळू! उडी नको! हळू म्हणतोय ना, गाढवा! जॉब, शिडी धर! दोन्ही हातांनी धर!"

टोबी उतरला. साहेबांनी त्याला मिठी मारली. आपण काय पुण्य केलं ते टोबीला समजेना. "सांभाळ रे बाबा," साहेब त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाले, "आता तुझ्याशिवाय आम्हाला कोणी नाही."

हे वाक्य अक्षरशः खरं होतं. धाकटी मुलगी फिलिपा पट्ट्यानंतर जन्मली होती, तिचं नाव कागदावर नव्हतं. नवं नाव घालायचं तर सर मार्माड्यूकची मर्जी लागे, आणि त्यांना ते नको होतं. त्यांच्या पत्नी लेडी रज यांना खिडकीतून दिसेल असं एक तळं हवं होतं. तळ्याची जागा माळ्याने अचूक दाखवली होती, ती नेमकी हॉलोकॉटच्या खालच्या शेतात होती. म्हणजे टोबीने जगावं तर हेक्स्टांचं घर टिकणार, आणि मरावं तर लेडी रज यांना बदकं बघायला मिळणार.

त्या दिवसापासून टोबीची शाकारणी बंद झाली. त्याला हॉलोकॉटच्या स्वयंपाकघरालगतची खोली मिळाली, फ्लॅनेलच्या दोन बंड्या मिळाल्या, रोज गोमांसाचा रस्सा आणि वर घट्ट साय मिळाली. घोड्यावर बसायचं नाही, ओढ्यात पोहायचं नाही. आमच्याकडच्या कुस्तीत कडक चामड्याच्या बुटांनी नडग्या फोडतात, तेव्हा जत्रेत तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. चर्चमध्ये कुणी खोकलं तर हेक्स्टबाई स्वतः उठून त्याला दुसऱ्या बाकावर नेत.

पहिला महिनाभर टोबीला वाटलं, आपण स्वर्गात आहोत. दुसऱ्या महिन्यात त्याने खिडकीतून जॉबला समोरच्या गोठ्यावर काड चढवताना बघितलं आणि रस्सा तसाच ठेवला. रस्सा तसाच राहिला म्हणून डॉक्टर आला. डॉक्टरने रक्त काढलं, म्हणून टोबी खरोखरच आजारी पडला.

दुसऱ्या बाजूने सर मार्माड्यूकचे कारभारी पिड्स्ली यांची त्याच्यावर वेगळीच माया जडली. ते वाटेत गाठून ब्रँडीची बाटली हातात कोंबत. सर मार्माड्यूकच्या तबेल्यातला एक घोडा, ज्याने तीन मोतद्दारांना फेकलं होतं, तो "तुला आवडेल तेव्हा फिरव" म्हणून सांगत.

"काय टोबी, तब्येत काय म्हणते?" ते विचारत.

"छान आहे, साहेब."

"छान?" पिड्स्लींचा चेहरा पडे. "अगदी छान? खोकला-बिकला?"

"नाही, साहेब."

"बरं, बरं," ते सुस्कारा सोडून म्हणत, "देवाची मर्जी."

पिड्स्ली वाईट माणूस नव्हते. सर मार्माड्यूक तरी कुठे आपल्या जमिनीचे मालक होते! त्यांच्या आजोबांनी लग्नाच्या करारात सगळी इस्टेट अशी बांधून ठेवली होती की सर मार्माड्यूकना ती जन्मभर वापरता येई, पण विकता येत नसे. आईला मरेपर्यंत वर्षासन, तीन बहिणींना लग्नाच्या रकमा, सगळं त्याच जमिनीवर चढवलेलं. आई नव्वदीत होती आणि तिचं वर्षासन घ्यायला स्वतः चालत येई. सर मार्माड्यूक तिच्याही तब्येतीची फार चौकशी करत. कुणी तरी मरावं आणि आपल्याला थोडा श्वास घेता यावा, असं त्यांना मनापासून वाटे. त्यातल्या त्यात टोबी परका होता, एवढंच.

आणि तिसरे बिडगुड सावकार. ते टिव्हरटनहून खेचरावर बसून येत, कारण घोड्याला दाणा जास्त लागतो. लोकरीच्या कापडात पैसा केलेला, अंगाने काटकुळा, नाकाचा शेंडा कायम ओला. गहाण टोबीच्या नाडीवर चालतं हे कळल्यापासून ते दर तिमाहीला यायचे, त्याचं मनगट धरून डोळे मिटून बसायचे आणि मग हेक्स्टसाहेबांना म्हणायचे, "याला ताक कमी द्या."

अशात पाच-सहा वर्षांनी फिलिपाचं लग्न ठरलं. मुलगा एडमंड लवरिंग, चार मैलांवरच्या लवरिंगांचा थोरला. नाचताना दोघांची नजरानजर झाली आणि त्यानंतर सहा महिने दोन्हीकडच्या वकिलांची. मुलाकडून काय मिळणार, विधवा झाली तर मुलीला वर्षाला काय, मुलं झाली तर कुणाला किती, मुलं नाही झाली तर काय परत, याचा करारनामा तयार होत होता. फिलिपाबरोबर हॉलोकॉटचा पट्टा जाणार होता, बिडगुडच्या गहाणासकट. लवरिंगांचे वकील म्हणाले, "पट्टा ठीक आहे. जीव बघू."

म्हणून एका गुरुवारी टोबीला बैठकीच्या खोलीत उभं केलं. अंगात पेरेग्रिनचा जुना कोट. कोचावर हेक्स्टसाहेब आणि बाई, समोर थोरले लवरिंग, त्यांचे वकील, बिडगुड सावकार आणि खिडकीपाशी मान खाली घालून फिलिपा. वकिलांनी चष्मा लावला.

"वय?"

"पंचविशीचा," हेक्स्टसाहेब म्हणाले.

"बाप कशाने गेला?"

"झाडाखाली सापडून," टोबी म्हणाला.

"आजा?"

"विहिरीत पडून, साहेब."

वकिलांनी लवरिंगांकडे बघितलं. हेक्स्टसाहेब घाईने म्हणाले, "पण आजारपणाने नाही! घरात आजाराने कुणी गेलेलंच नाही!"

"देवींनी तिघं गेले की," टोबी म्हणाला.

"तू गप रे!"

त्याला जीभ दाखवायला लावली. खाली वाकायला लावलं. जिना तीनदा वर-खाली पळवलं आणि वकिलांनी त्याच्या छातीला कान लावला. थोरल्या लवरिंगांनी विचारलं, "दारू?"

"सफरचंदाची सायडर घेतो थोडी. डेव्हनमध्ये कोण घेत नाही?" हेक्स्टसाहेब म्हणाले.

"बायका?"

फिलिपा उठून बाहेर गेली. टोबीचे कान लाल झाले.

"एक आहे, साहेब. टॅमझिन. जॉब स्नेलची. लग्न करायचंय आम्हाला."

सगळे असे दचकले जणू त्याने समुद्रावर जायचं जाहीर केलं होतं. लग्नाने माणसाचं आयुष्य वाढतं की घटतं, यावर चर्चा झाली. बिडगुड म्हणाले, बायको वेळेवर जेवायला घालते, म्हणून वाढतं. लवरिंगांचे वकील म्हणाले, ते बायकोवर आहे. थोरल्या लवरिंगांच्या चेहऱ्यावर स्वतःच्या संसाराची सगळी हकिगत उमटली. शेवटी ठरलं की तूर्त नको. फिलिपाचं लग्न होऊ दे, मग बघू.

टोबी मागच्या दाराने बाहेर आला तर फिलिपा पायरीवर बसली होती. तिचं नाक रडून लाल झालेलं.

"माफ कर रे, टोबी. मला फार लाज वाटली."

"तुम्हाला कशाला लाज, ताईसाहेब? जीभ मी काढली."

ती हसली. मग म्हणाली, "माझा हुंडा आहेस तू, माहीत आहे?"

"मग पाठवणीच्या गाडीत बसू का मी पण? ट्रंकांच्या वर?"

"बसशील तर बरं होईल. त्या घरात ओळखीचं कुणी तरी असेल."

हे ती थट्टेत म्हणाली नाही, हे टोबीला कळलं. तिचीही जीभ बघायचीच काय ती बाकी राहिली होती.

टॅमझिनला त्याने संध्याकाळी सगळं सांगितलं. ती कुंपणावर कपडे वाळत घालत होती. ऐकता ऐकता तिने एक सदरा असा पिळला की शिवण उसवली.

"तूर्त नको? म्हणजे कधी?"

"फिलिपाताईंचं झालं की."

"मग त्यांना मूल झालं की. मग त्या मुलाला दात आले की. टोब्या, तू त्या घरातली दुभती गाय आहेस, कळतंय का तुला? गाईला निदान वासरू तरी होऊ देतात!"

"मी काय करू मग?"

"त्यांच्या लग्नाला करार होतोय ना? मुलीला काय, विधवेला काय, मुलांना काय? मग आपल्या लग्नाला का नाही? तुझ्या जिवावर सगळे जगतात. उद्या तू मेलास तर माझं काय, हे कोणत्या कागदावर आहे?"

टोबी म्हणाला, "मालकांना सांगून बघतो. आपलं लग्न झालं तर बागेजवळची खोपी देतील ते."

"ती खोपी हॉलोकॉटचीच ना?" टॅमझिन कमरेवर हात ठेवून म्हणाली. "म्हणजे तू मेलास की पट्टा गेला, पट्टा गेला की खोपी गेली. नवऱ्याला पुरून येईन आणि भांडी डोक्यावर घेऊन रस्त्यावर उभी राहीन. वा रे वा! असलं घर नको मला. मला असं घर हवं जे तुझ्या जिवावर नाही."

टोबीला हे सुचलंच नसतं. लंडनला शिकून आलेल्या वकिलांनाही त्याची काळजी पडली नव्हती, कारण त्यांना कुणी टॅमझिनतर्फे नेमलं नव्हतं.

करारावर सह्या व्हायच्या सकाळी हॉलोकॉटच्या धान्याच्या मोठ्या कोठारावर शिडी लागलेली दिसली. ते कोठार आमच्या परगण्यातलं सगळ्यांत उंच. टोबी आढ्यावर उभा होता. बसलेला नव्हता, उभा होता. फ्लॅनेलची बंडी त्याने काढून शिडीच्या टोकाला टांगली होती, आणि शिडीच्या पायथ्याशी टॅमझिन स्टुलावर बसून मोजा विणत होती.

पाच मिनिटांत सगळं घर आणि सह्यांसाठी आलेली मंडळी अंगणात जमली.

"टोबी!" हेक्स्टसाहेब ओरडले. "टोबी, बाळा, हे काय? वारा आहे वर!"

"आहे, मालक. छान वाटतंय."

"उतर खाली!"

"आढं ढिलं झालंय. नीट केल्याशिवाय कसा उतरू? फार दिवसांचं काम आहे." आणि तो आढ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात पसरून चालत गेला. हेक्स्टबाईंनी डोळे झाकून घेतले. बिडगुड सावकार कोठाराच्या खाली दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. इतका काटकुळा माणूस टोबीला झेलून काय करणार होता, ते त्यालाच ठाऊक.

हॉलोकॉटचा एक गडी टोबीला खाली आणायला शिडी चढू लागला, त्याला टॅमझिनने विणायच्या सुईने मांडीत टोचलं. तो परत आला.

बातमी कशी पोचली कोण जाणे, पिड्स्ली कारभारीही घोडा फेकत आले. त्यांनी वर बघितलं, टोपी काढली आणि फार दिवसांनी त्यांच्या तोंडावर आशा दिसली. "अरे वा, टोबी! जरा त्या टोकाला ये की, तिथून सगळं खोरं दिसतं म्हणे!"

"निर्लज्ज मनुष्य!" हेक्स्टबाई किंचाळल्या.

"मी फक्त देखाव्याचं बोललो, बाई."

शेवटी लवरिंगांचे वकील शिडीपाशी आले, कारण वकिलाला मागणी कुठून येते त्याचा वास बरोबर येतो. "काय हवंय त्याला?"

"त्याला काही नको," टॅमझिन टाके मोजत म्हणाली. "मला हवंय. आधी लग्न. याच महिन्यात. दुसरं, शाकारणीचं काम त्याला करू द्यायचं. छपरावर तो आजवर पडलेला नाही, तुमच्या डॉक्टराच्या हाती मात्र मरता मरता वाचला. आणि तिसरं, बिडगुडसाहेबांची गावात चर्चमागे तीन घरं आहेत, त्यांच्या स्वतःच्या मालकीची. त्यातलं ओढ्याकडचं मला."

"तुला?" बिडगुड वर धरलेले हात खाली घेऊन म्हणाले. "माझं घर? कशाबद्दल?"

"गहाण बुडू नये याबद्दल."

"फुकट?"

"फुकट कशाला? वर्षाला एक कोंबडी देईन. पट्टा करा. तीन जिवांवर करा, तुमच्यात करतात तसा. पण टोबीचं नाव त्यात नको." तिने पहिल्यांदाच मान वर केली. "माझं एक, फिलिपाताईंचं एक, आणि तिसरं तुमचं, बिडगुडसाहेब."

"माझं का?"

"तुम्ही ताकसुद्धा मोजून पिता. तुम्ही काही लवकर जात नाही."

सगळ्यांच्या आधी हसली ती फिलिपा. मग नवरा मुलगा एडमंड हसला, आणि ते बघून तिला तो पहिल्यांदा थोडासा आवडला. बिडगुडांनी बाहीने नाक पुसलं. त्यांनी वर बघितलं. टोबी एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायातल्या बुटातला खडा काढत होता.

"लिहा," बिडगुड म्हणाले.

त्या दिवशी बैठकीच्या खोलीत दोन करारांवर सह्या झाल्या. एक चर्मपत्राच्या अकरा पानांचा, दुसरा अर्ध्या पानाचा. अकरा पानांच्या करारावरून पुढे दोन्ही घरांत वीस वर्षं दावे चालले. अर्ध्या पानाच्या करारावर कुणाला काही शोधता आलं नाही.

टोबी आणि टॅमझिनचं लग्न झालं. पाच मुलं झाली, चार जगली. टोबी पुन्हा छपरांवर गेला आणि सुरुवातीला हेक्स्टसाहेब रोज शिडीखाली गवताच्या गंज्या पसरून ठेवायला माणूस पाठवत. वर्षभराने गवत महाग झालं तेव्हा त्यांनी ते बंद केलं. पुढे ते स्वतःच गेले. जाण्याआधी त्यांनी टोबीला बोलावून घेतलं आणि त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवला. टोबीला वाटलं, आपली नाडी बघताहेत. पण त्यांचा अंगठा नाडीवर नव्हता. "पेरेग्रिनचा कोट तुला बरा बसत होता," एवढंच ते म्हणाले. टोबी घरी आला आणि त्या रात्री काही जेवला नाही. टॅमझिनने विचारलं तर म्हणाला, "म्हातारा चांगला होता गं, त्याच्या परीने."

सर मार्माड्यूकही गेले, आईच्या आधी तीन वर्षं. तळं झालंच नाही. लेडी रज खिडकी बदलून दुसऱ्या बाजूला बसू लागल्या. एडमंड लवरिंगला घोड्यांच्या शर्यतींचा नाद लागला, पण तो फिलिपाशी वाईट वागला नाही, आणि आमच्या भागात बायका त्यालाच सुख म्हणतात. ती दर ख्रिसमसला टोबीकडे अर्धा हंस पाठवी. टोबी तिला म्हणे, "ताईसाहेब, आता मी थोडाच दुबळा होतोय?" आणि ती म्हणे, "ते पट्ट्यासाठी नाही रे, तुझ्यासाठी आहे." हे खरं की खोटं, हे दोघांनाही ठरवता आलं नसतं. पट्टा आणि माया इतकी वर्षं एकाच ताटात जेवली होती.

बिडगुड सावकार ब्याण्णवाव्या वर्षी गेले. तोवर टॅमझिन त्यांना दर वर्षी नेमाने सगळ्यांत म्हातारी कोंबडी पोचवत असे. ती शिजायला दोन दिवस लागत, आणि बिडगुड म्हणत की तिच्यामुळेच त्यांचे दात शाबूत राहिले.

टोबीचं वय वाढत गेलं तसे लोक त्याला बघायला येऊ लागले. नवे कारभारी, नवे सावकार, फिलिपाचा मुलगा. सगळे चौकशी करत, सगळे तोंडाकडे बघत. एकदा तो टॅमझिनला म्हणाला, "इतकी माणसं रोज मला कसा आहेस विचारतात. राजालासुद्धा इतकी विचारत नसतील. पण उत्तर ऐकायला एकही थांबत नाही. 'जिवंत आहे' एवढं दिसलं की निघाले."

"मी थांबते की," टॅमझिन म्हणाली. "सांग. कसा आहेस?"

"गुडघा दुखतोय. आणि त्या मिलरच्या छपरावर मी काड फार पातळ घातलं, ते डोक्यातून जात नाही."

"हं. अजून?"

आणि तो सांगत बसला, तिने पूर्ण ऐकलं.

ऐंशी ओलांडल्यावर एका सप्टेंबरात, दुपारी जेवून खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. फिलिपाच्या मुलाला तासाभरात कळलं आणि तो मागच्या दाराने आला. शेतात गहू उभा होता. "म्हातारे," तो हळूच म्हणाला, "फक्त दहा दिवस कुणाला सांगू नकोस. पीक निघू दे. तुला काय हवं ते देतो."

पुढच्या दाराशी नवे कारभारी आले. "म्हातारे, खरं काय ते आत्ताच सांग. तुझं कल्याण करतो."

टॅमझिनने दोघांनाही सांगितलं की त्यांनी जरा बाहेर बसावं. तिने टोबीची दाढी केली, केस विंचरले, चांगला सदरा घातला. मग घंटा वाजवणाऱ्याला निरोप दिला. घंटा वाजली आणि आमच्या परगण्यातल्या सगळ्यांना एकदमच कळलं.

मातीला खूप लोक आले. पट्टा संपल्यावर जमीनदाराला पट्टेदाराचं सगळ्यांत उत्तम जनावर घ्यायचा हक्क असतो. कारभाऱ्यांनी तो मागितला, तेव्हा लवरिंगांनी चांगले घोडे आधीच शेजारच्या गावी पाठवलेले आणि गोठ्यात उरलेलं एक एकडोळं गाढव पुढे केलेलं. चर्चच्या फाटकाशी भांडण जुंपलं. वकिलांची नावं निघाली, आई-बाप निघाले, शवपेटी वाटेत थांबली. पाद्री घड्याळ बघू लागले.

"त्यांचं चालू द्या," टॅमझिन पाद्रींना म्हणाली. "आपण पुढे होऊ."

पेटी तिच्या मुलांनी आणि चार शाकारणी करणाऱ्यांनी उचलली. मोठी माणसं फाटकाशीच राहिली. खड्ड्यापाशी गर्दी कमी असल्याने सगळ्यांना नीट उभं राहता आलं. घरी आल्यावर तिने सगळ्यांना सायडर ओतली, भाकर आणि साय वाढली, आणि मिलरच्या छपराचं काय करायचं ते मुलांना समजावून सांगितलं. ते ऐकून मुलं कामाला निघून गेली, तेव्हा ती ओढ्याकडच्या दारात जाऊन बसली आणि मनसोक्त रडली.